पाच सेंटिमीटर, पण कोणते?

नेदरलँड्सचा सुमारे एक चतुर्थांश भूभाग समुद्रसपाटीच्या खाली असल्याने तेथे जमिनीची उंची सेंटिमीटरांत मोजावी लागते. हे काम विमानातून लेझर स्कॅनिंग करून होते, म्हणजे लेझर किरण सोडून जमिनीवरच्या असंख्य बिंदूंची उंची मोजली जाते. ‘एएचएन’ या तेथील राष्ट्रीय उंची-नकाशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी अट होती, की पद्धतशीर त्रुटी ५ सेंटिमीटरपेक्षा आणि यादृच्छिक त्रुटीचे प्रमाण विचलनही (सरासरीभोवतीचा पसारा) ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे.

आकडा एकच असला तरी या दोन त्रुटींचे परिणाम फार वेगळे आहेत. यादृच्छिक त्रुटीने काही बिंदू वर तर काही खाली जातात. या बिंदूंच्या त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर शंभर बिंदूंच्या सरासरीत ५ सेंटिमीटरचा अर्धाच सेंटिमीटर उरतो. पद्धतशीर त्रुटी मात्र सर्व बिंदूंना एकाच दिशेने ढकलते आणि बिंदू कितीही वाढवले तरी कमी होत नाही. एक चौरस किलोमीटरच्या सखल पोल्डरमध्ये (बांध घालून पाण्यापासून राखलेल्या जमिनीत) तिच्यामुळे पाण्याचा हिशेब ५०,००० घनमीटरने चुकू शकतो.

विमानाचा कल मोजताना ०.००५ अंशाची चूक झाली, तर १,००० मीटर उंचीवरून बिंदू जमिनीवर सुमारे ८.७ सेंटिमीटर सरकतो. सपाट शेतात हे लक्षातही येत नाही, कारण शेजारची उंची तेवढीच असते. पण १:३ उताराच्या बांधावर त्यातून सुमारे ३ सेंटिमीटरची उंचीतील चूक उद्भवते; बिंदू बांधाला आडवे सरकले असतील, तर एक बाजू उंच आणि दुसरी सखल दिसते.

विमानाने एकेका फेरीत मोजलेल्या लगतच्या पट्ट्या एकमेकींवर येतात तेथील उंचींची तुलना केल्यास अशा चुका सापडतात. मात्र दोन्ही पट्ट्यांत उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सारखीच चूक असेल, तर त्या उत्तम जुळतात आणि तरीही दोन्ही चुकीच्या असतात. म्हणून जमिनीवर स्वतंत्रपणे मोजलेले तपासणी बिंदू लागतात. ते बहुधा उघड्या, कठीण, सपाट जागी घेतले जात असल्याने त्यांच्यावरून निघालेला आकडा तशाच जमिनीपुरता खरा मानावा, असे मला वाटते. दाट गवतात किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत आणि उंची जवळजवळ नेहमी जास्तच भरते. अमेरिकेतील ‘एएसपीआरएस’ या हवाई सर्वेक्षण व दूरसंवेदन क्षेत्रातील संस्थेचे मानक त्यामुळेच वनस्पतीने झाकलेल्या भूभागाची अचूकता वेगळी नोंदवायला सांगते.

तपासणी बिंदूंच्या मोजणीतही त्रुटी असतेच. याच मानकाच्या २०२३च्या आवृत्तीने ती हिशेबात धरायला लावली. नकाशा आणि तपासणी बिंदू यांच्या उंचींतील फरकांची वर्गमाध्यमूळ त्रुटी (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) ४ सेंटिमीटर आणि तपासणी बिंदूंची ३ सेंटिमीटर असेल, तर दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून नकाशाची त्रुटी ५ सेंटिमीटर लिहावी लागते.