नेत्रगती विश्लेषण

डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदींवरून पाहणाऱ्याचे लक्ष, वाचन वा हेतू यांचा अंदाज बांधण्याची पद्धत. नोंदींतील आकृतिबंध शोधण्याचे काम अलीकडे मशीन लर्निंगकडे, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालींकडे, सोपवले जाते. वाचताना नजर सलग सरकत नाही. साधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंद एका जागी टेकते आणि झटक्यासरशी पुढे जाते.

हा झटका प्रथम कोणी टिपला, याविषयी मतभेद आहेत. श्रेय बहुधा फ्रेंच नेत्रवैद्य एमिल झावाल यांना मिळते. लगामाचा हिसका या अर्थाचा ‘सॅकाद’ हा शब्द त्यांच्या १८७८–७९ च्या सुमाराच्या लेखनातला. प्रत्यक्ष निरीक्षणे मात्र त्यांचे सहकारी लामार यांची. त्याच सुमारास जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ट हेरिंग यांनी पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून स्नायूंचे आवाज ऐकले आणि अनुप्रतिमेच्या (प्रखर वस्तू पाहिल्यावर डोळ्यांपुढे राहणाऱ्या छबीच्या) उड्यांशी त्यांचा मेळ घातला. प्रयोगाचा पुरावाच पाहायचा, तर हेरिंग यांचे पारडे जड वाटते.

रशियन मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी चित्रकार रेपिन यांचे एकच चित्र एका व्यक्तीला निरनिराळ्या सूचना देऊन दाखवले, तेव्हा दर वेळी नजरेची वाट बदलली (इंग्रजी आवृत्ती १९६७). ठाणे स्थानकातला इंडिकेटर फास्ट गाडी धरणारा आणि नुसती वेळ बघणारा असाच वेगवेगळा पाहतो. पण वाटेवरून सूचना ओळखता येते का? ग्रीन, लिउ व वुल्फ या संशोधकांच्या संगणकीय वर्गीकरणाला २०१२ मध्ये चार सूचनांपैकी नेमकी कोणती दिली होती, हे ओळखणे साधले नाही. बोर्जी व इट्टी यांनी २०१४ मध्ये तीच सामग्री वेगळ्या रीतीने तपासली. अचूकता सुमारे ३४ टक्के आली. नुसत्या अंदाजाने २५ टक्के येतेच, म्हणून हे यश खरे असले तरी माफक म्हणावे लागते.

नजर टिपणाऱ्या यंत्रात अवरक्त प्रकाश बुबुळावर पाडून कॅमेरा बाहुली व पारपटलावरची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची) चमक टिपतो. थांबा आणि झटका यांतील सीमा वेगावरून, बहुधा सेकंदाला ३० अंश अशी, ठरवली जाते. आता काही वेळा नमुन्यांवरून शिकलेली प्रतिमाने (मॉडेल) ती ठरवतात.

पवईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने वाचकाला उपरोध कळला की नाही, हे नजरेवरून ओळखण्याचे प्रयोग केले. त्यातील मजकूर इंग्रजी होता.

देवनागरीचा प्रश्न वेगळा आहे. ठाणे–वाशी रेल्वेमार्गावर स्थानकाच्या नावातले ‘दिघा’ वाचताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मागून येतो. ‘तुर्भे’ मधला रफार ‘भे’च्या डोक्यावर बसतो, पण आधी उच्चारला जातो. रोमन लिपीत नजरेच्या एका झटक्यात ७ ते ९ अक्षरे, हे माप येथे लावायचे तर अक्षर कशाला म्हणायचे, हेच आधी ठरवावे लागते.