लाल मुंगी चावली, पण कुठली?

ठिबकच्या नळीला बारीक भोकं पडली, पेरलेलं बी सरीतून गायब झालं, धुऱ्यावर टेकलं तर पायाची आग आग झाली. परभणी-हिंगोलीकडं या तिन्हींचा आळ लाल मुंगीवर येतो, आणि ती बहुतेकदा सोलेनोप्सिस जेमिनाटा या जातीची असते. घोळ होतो मोबाईलवर शोधल्यावर. तिथं 'फायर अँट' म्हणून फोटो येतात ते बहुधा सोलेनोप्सिस इन्विक्टा या दुसऱ्या जातीचे. मग 'परदेशी मुंगी आली' असं गावच्या ग्रुपवर फिरायला लागतं. तसं पाहिलं तर दोघीही मूळच्या परदेशीच. जेमिनाटा सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला आली आणि पुढं आशियाभर पसरली. इन्विक्टा दक्षिण अमेरिकेतली. ती १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामाच्या बंदरात उतरली, २००१ साली ब्रिस्बेनला सापडली.

रंगावर जाऊ नका. दोघी तांबूस, कंबरेला दोन गाठी, मिशा दहा पेरांच्या, त्यातली शेवटची दोन पेरं जाड. बघायचं ते डोकं. बिळाच्या तोंडाशी काडी हलवली की लहानमोठ्या सगळ्या बाहेर येतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या निवडा. जेमिनाटाच्या मोठ्या कामकरीचं डोकं अंगाला न शोभण्याइतकं थोराड, चौकोनी, मधोमध भांग पाडावा तशी खाच. एवढं डोकं कशाला, तर बी फोडायला. आत जबड्याचे स्नायू ठासून भरलेले असतात, आणि दाणे फोडून फोडून जबड्याचे दात झिजून कडा बोथट होते. इन्विक्टाच्या मोठ्या मुंगीचं डोकं अंगाच्या मानानं बेताचंच, जबड्याचे चार दात स्पष्ट. भिंग चांगलं असेल तर जबड्यांच्या वरच्या पट्टीच्या काठावर मधोमध एक बारकासा दात दिसतो. जेमिनाटाला तो सहसा नसतो.

वारुळातही फरक आहे. इन्विक्टा मातीचा उंच ढीग रचते आणि त्यावर वाट दिसत नाही. जेमिनाटाची माती भुसभुशीत, भोकं बरीच, बऱ्याचदा गवताच्या ठोंबाला धरून. पण काळ्या रानात एका पावसात ढीग बसतो, म्हणून माझा या खुणेवर फारसा भरवसा नाही.

दोघीही आधी जबड्यानं कातडी धरतात, मग पोटाच्या टोकानं डंख मारतात. इन्विक्टाच्या डंखावर दुसऱ्या दिवसापर्यंत पांढऱ्या तोंडाची पुळी येते. जेमिनाटाचा डंख लाल होऊन खाजतो, पुळी सहसा धरत नाही. धाप लागली, ओठ सुजले, तर मुंगी कुठली हे शोधत न बसता दवाखाना गाठा.

पांढऱ्या पुळ्या आल्या आणि थोराड डोक्याची एकही सापडली नाही, तर मुंग्या स्पिरिटच्या बाटलीत टाकून परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रवाल्यांना दाखवा. बाटलीत मात्र सगळ्या आकारांच्या घाला. नुसत्या बारक्या नेल्या तर त्यांनाही ओळखणं अवघड जातं.