मियावाकी वेगळं, लाखी बाग वेगळी

पावसाळा तोंडावर आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून येतो: "गुंठाभर जागेत मियावाकी पद्धतीनं आंबा, फणस, पेरू, चिकू सगळं लावलंय. फळं कधी धरतील?" रोपं मायेनं लावलेली असतात, म्हणून उत्तर देताना जीवावर येतं. धरणार नाहीत. धरलीच तर पार शेंड्याला, वटवाघळांच्या वाट्याची.

मियावाकी आता बहुतेकांना ठाऊक आहे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (1928–2021) यांची ही पद्धत. जमीन खोल भुसभुशीत करायची, खत मिसळायचं, स्थानिक जातींची रोपं चौरस मीटरला तीन-चार अशी दाटीनं लावायची, दोन-तीन वर्षं पाणी आणि तण बघायचं, मग हात काढून घ्यायचा. महामार्गालगतच्या उजाड पट्ट्याला हे उत्तम. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मात्र करू नका. सडा ओसाड नसतो, पावसाळ्यात तिथं फुलणारं जग त्या उघड्या कातळावरच जगतं.

दुसरी गोष्ट वनबाग, म्हणजे जिला हल्ली फूड फॉरेस्ट म्हणतात ती. तिच्यासाठी इंग्लंडकडे बघायची गरज नाही. गोव्यातलं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची मिश्र बाग, तेच आहे, आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं मांडलेली लाखी बागही तीच: माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, खोडावर चढवलेली मिरी, मधे केळी-अननस. मियावाकी आणि वनबाग, दोन्हीकडे थर असतात, दोन्हीकडे मिश्र झाडं असतात, म्हणून लोक फसतात.

खरा फरक उजेडाचा आहे. मियावाकीत झाडांनी उजेडासाठी एकमेकांशी झगडावं हाच हेतू असतो. दाटी असली की खोड सरळ वर पळतं, खालच्या फांद्या सुकतात आणि जंगल लवकर उभं राहतं. लाखी बागेत झगडा टाळायचा असतो. माड 7.5 बाय 7.5 मीटरवर, म्हणजे एका माडाला 56 चौरस मीटर. गुंठ्यात दोन माडही नीट बसत नाहीत. मियावाकीनं त्याच गुंठ्यात 300 रोपं बसतात. आंब्याचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो आणि त्या टोकाला ऊन हवं असतं. 300 रोपांच्या गर्दीत ते ऊन कोणाला मिळणार?

कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेत 1970च्या दशकात माडाखालचा हा उजेडच अभ्यासला गेला. माड साधारण 8 वर्षांचा होईपर्यंत खाली भरपूर ऊन पोचतं. 8 ते 25 वर्षांत झावळ्या बहुतेक ऊन अडवतात. पुढे खोड उंच गेलं की ऊन पुन्हा खाली उतरू लागतं. बहुतेक कार्यक्षम मुळं खोडापासून 2 मीटरच्या आत असतात, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन माड वापरतच नाही. त्या रिकाम्या जागेत कुठल्या वयाच्या माडाखाली काय लावायचं, हेच वनबागेचं शास्त्र. जायफळाला सावली मानवते म्हणून ते चार माडांच्या मधोमध जातं. हापूस तिथं लावाल तर पस्तावाल.

"मग आंब्याची घन लागवड कशी चालते?" हा नेहमीचा प्रतिप्रश्न. चालते, कारण तिथं दरवर्षी छाटणी करून ऊन आत घेतात. मियावाकीत कोयता लावायचाच नसतो.

उत्पन्नाची तुलनाही याच गोंधळात सापडते. मियावाकीचा अहवाल जगलेली रोपं आणि उंची मोजतो. वनबागेत नुसते नारळ मोजूनही भागत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत आंतरपिकांवर काम केलेले विली आणि संख्याशास्त्रज्ञ मीड यांनी 1980 साली जमीन समतुल्य गुणोत्तराची मांडणी केली. समजा, मिश्र बागेत माडानं निव्वळ नारळबागेच्या 95 टक्के आणि जायफळानं निव्वळ जायफळबागेच्या 40 टक्के उत्पन्न दिलं. गुणोत्तर 1.35. म्हणजे मिश्र बागेच्या एका एकरातलं पीक वेगवेगळं घ्यायला 1.35 एकर लागले असते. मात्र हा आकडा बागेच्या वयाबरोबर बदलतो. बियांपासून वाढवलेलं जायफळ धरायलाच सात-आठ वर्षं घेतं आणि त्यातली साधारण निम्मी झाडं नर निघतात, म्हणून कलमं घ्या. पाच वर्षांच्या नोंदींवरून वनबागेबद्दल कोणी छातीठोक बोलत असेल, तर विश्वास ठेवू नका. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डार्टिंग्टनला मार्टिन क्रॉफर्ड यांनी 1994 साली लावलेल्या वनबागेचं मोल त्या तीन दशकांत आहे.

आधीच दाट लावून बसला असाल, तर निर्णय पहिल्या दोन वर्षांत घ्या. जंगल हवं असेल तर फळांची आशा सोडा आणि वाढू द्या. फळं हवी असतील तर गुंठ्यात एक आंबा किंवा एक फणस ठेवा, बाकीची रोपं मुळांच्या मातीसकट काढून वाटून टाका, आणि मोकळ्या जागेत हळद, आलं, अळू लावा.