कीटकांचे निसर्गातील मॅक्रो छायाचित्रण

मुंगी, टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक), भुंगा, पतंग यांसारख्या लहान जिवांची छायाचित्रे त्यांच्या मूळ अधिवासात, त्यांना न पकडता, जवळजवळ प्रत्यक्ष आकाराइतक्या किंवा त्याहून मोठ्या प्रतिमेत टिपण्याची ही पद्धत आहे. येथे मोजला जातो तो कागदावरील वा पडद्यावरील चित्राचा आकार नव्हे, तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडणाऱ्या प्रतिमेचा. १० मिमी. लांबीच्या भुंग्याची प्रतिमाही सेन्सरवर १० मिमी. पडली, तर विवर्धन १:१ होते. ३६ × २४ मिमी.च्या फुल-फ्रेम सेन्सरवर या प्रमाणात तेवढ्याच मापाचे दृश्य मावते. मोठी फुलपाखरे आणि चतुर त्यात संपूर्ण बसत नाहीत, त्यामुळे त्यांची चित्रे याहून कमी विवर्धनाने काढली जातात, पण व्यवहारात तीही मॅक्रोच मानली जातात.

जवळून चित्रण करण्यासाठी खास बांधलेली मॅक्रो-किलार ही लेन्स जर्मन लेन्स-रचनाकार हाइन्झ किलफिट यांनी १९५५ मध्ये आणली. कॅननची १९९९ मधील ६५ मिमी.ची लेन्स १ ते ५ पट विवर्धन देते, मात्र तिच्यातून दूरचे काहीच टिपता येत नाही. कमी खर्चात काम भागवणारे लोक साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब ही पोकळ नळी लावतात, पुढे क्लोज-अप भिंग बसवतात किंवा लेन्सच उलटी जोडतात. बुजऱ्या कीटकांसाठी १०० मिमी. किंवा त्याहून अधिक नाभीय अंतराची लेन्स सोयीची ठरते, कारण १:१ विवर्धनातही तिचे पुढचे टोक आणि कीटक यांत पुरेशी जागा उरते.

या कामातील सर्वांत मोठी अडचण म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली. फुल-फ्रेम सेन्सरवर १:१ विवर्धनात लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ/११ ठेवले (एफपुढचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान), तर ही खोली जेमतेम १.३ मिमी. असते आणि विवर्धन दुप्पट केले की ती अर्ध्या मिलिमीटरवर येते. नाकतोड्याचा डोळा नेमका टिपला गेला, तरी त्याच्या शृंगिका (मिशा) आणि मागचे पाय धूसर होतात. छिद्र आणखी लहान करून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. जवळच्या चित्रणात छिद्राचे परिणामी मूल्य वाढते, १:१ ला एफ/१६ हे एफ/३२ सारखे वागते, आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरत असल्याने, सगळेच चित्र किंचित मऊ पडते. म्हणून अनुभवी छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या सेन्सरचे प्रतल कीटकाच्या पंखांना किंवा अंगाला समांतर ठेवतात आणि समांतर ठेवणे शक्य नसेल तेव्हा निदान डोळा तरी फोकसमध्ये राखतात. फोकस थोडाथोडा सरकवत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करण्याची फोकस स्टॅकिंग ही रीत झोपलेल्या वा थंडीने निश्चल झालेल्या कीटकांवर उत्तम साधते. पण वाऱ्याची एक झुळूक आली की संपूर्ण मालिका वाया जाते.

लहान छिद्रामुळे प्रकाश अपुरा पडतो, त्यामुळे फ्लॅशचा वापर सर्रास होतो. कमी शक्तीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका अल्प असू शकतो, त्यामुळे हाताची थरथर आणि कीटकाची हालचाल दोन्ही गोठतात. उघडा फ्लॅश मात्र भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो, तो टाळण्यासाठी कीटकाच्या अगदी जवळ मोठा डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश पसरवून सौम्य करणारा पडदा, लागतो. अंतर वाढले की फ्लॅशचा प्रकाश झपाट्याने घटत असल्याने भर दुपारीही पार्श्वभूमी काळीकुट्ट येते. मागे एखादे पान येईल असा कोन निवडणे किंवा आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून नैसर्गिक प्रकाशाला वाव देणे हे त्यावरचे उपाय आहेत, आणि ते करण्याजोगे आहेत, कारण काळ्या पार्श्वभूमीत कीटक राहतो कुठे याची खूणच पुसली जाते.

उपकरणांपेक्षा कीटकांच्या सवयींची माहिती अधिक कामी येते. कीटकांचे शरीर बाहेरच्या तापमानावर अवलंबून असल्याने पहाटे ते सुस्त असतात. निळ्या पट्ट्यांच्या अमेजिला या मधमाश्यांचे नर संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने घट्ट चावून धरतात आणि अंग हवेत आडवे ठेवून रात्रभर झोपतात; एकाच काडीवर असे अनेक नर ओळीने दिसतात. चतुरांच्या कित्येक जाती उडाल्यानंतर पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतात, त्यामुळे पाठलाग करण्यापेक्षा तिथेच थांबणे लाभाचे असते. ओल्या मातीवर क्षार शोषणारी नर फुलपाखरे सावली पडू न देता सरपटत गेल्यास बरीच जवळ येऊ देतात. कोकणात ओंबील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या मुंग्या आंब्याची पाने शिवत असताना काही कामकरी पानांच्या कडा ओढून धरतात, तर इतर मुंग्या तोंडात अळी धरून तिच्या रेशमी धाग्याने त्या कडा सांधतात. हे दृश्य मॅक्रो लेन्समधून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

कीटक फ्रीजमध्ये ठेवून गारठवणे, मारून फांदीवर चिकटवणे किंवा ओढून-ताणून मांडणे हे प्रकार होतात. त्यातून निघालेले चित्र देखणे असले, तरी निसर्गातील नोंद म्हणून ते खोटे असते, आणि ते नैसर्गिक म्हणून सादर करणे ही अभ्यासाची हानी आहे.

प्रामाणिक नोंदीचे मोल विज्ञानातही सिद्ध झाले आहे. मलेशियातील गुएक हॉक पिंग यांनी सेलांगोरच्या जंगलात टिपलेल्या जाळपंखी कीटकाचे चित्र इंटरनेटवर कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांच्या नजरेस पडले. पुढे नमुना मिळाल्यावर २०१२ मध्ये सेमाक्रायसा जेड ही नवी प्रजाती जाहीर झाली. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन तर नमुन्याविना, केवळ छायाचित्रांवरून करण्यात आले, आणि असे नामकरण ग्राह्य धरावे का यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला.

महाराष्ट्रात या छंदाचा मुख्य हंगाम पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे हा आहे. आंबोली, ताम्हिणी, कास यांसारखी सह्याद्रीतील ठिकाणे आणि मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यासाठी परिचित आहेत. पतंगांसाठी रात्री पांढरा पडदा लावून त्यावर दिवा सोडतात. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक फुलपाखरांना संरक्षण दिलेले आहे.

ओळख पटवण्यासाठी एकच सुंदर चित्र सहसा पुरत नाही. वरून, बाजूने आणि समोरून घेतलेली चित्रे, कीटक ज्या झाडावर होता त्या झाडाचे पान, ठिकाण आणि तारीख यांची जोड असावी लागते. कित्येक माश्या आणि पतंग यांच्या प्रजाती केवळ जननेंद्रियांच्या सूक्ष्म तपासणीनेच वेगळ्या ओळखता येतात. अशा वेळी नोंद वंशाच्या (प्रजातीच्या वरच्या गटाच्या) नावावर थांबवणेच योग्य ठरते.