तंतुप्रबलित थर्मोप्लास्टिकचे इंजेक्शन मोल्डिंग

काचेचे किंवा कार्बनचे आखूड तंतू मिसळलेले थर्मोप्लास्टिक वितळवून, मोठ्या दाबाने बंद साच्यात भरून, थंड करून सुटे भाग बनवण्याची पद्धत. कारखान्यात या मालाला सरसकट ‘ग्लास-फिल्ड’ म्हणतात. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. खडूची भुकटी माल स्वस्त करण्यासाठी भरतात, तसे हे तंतू भरलेले नसतात. तयार भागावर येणाऱ्या भाराचा मोठा वाटा तेच उचलतात. ते किती उचलतील हे मात्र कच्च्या मालाच्या दाण्यांच्या पोत्यावर लिहिलेल्या काचेच्या टक्केवारीवरून कळत नाही. साच्यातून निघेपर्यंत तंतू किती लांब उरले आणि कोणत्या दिशेला वळले, यावर ते ठरते.

तंतूंमुळे पडणारा फरक नायलॉन ६६ मध्ये सर्वांत ठळक दिसतो. कोरड्या साध्या नायलॉनचा ताठरपणा सुमारे ३ गिगापास्कल असतो. वजनाने ३० टक्के काच मिसळली की तो १० गिगापास्कलच्या आसपास जातो. १.८ मेगापास्कल ताणाखाली साधे नायलॉन साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसला वाकू लागते, तर काचयुक्त नायलॉन २५० अंशांपर्यंत तग धरते. वजनाने ३० टक्के काच म्हणजे आकारमानाने जेमतेम १६ टक्के, हे लक्षात घेतले तर ही वाढ किती मोठी आहे ते कळते. उष्णतेबाबतचा लाभ मात्र सगळ्या प्लास्टिकना सारखा मिळत नाही. नायलॉन अंशतः स्फटिकी आहे. त्याचे स्फटिक वितळेपर्यंत काचेच्या सांगाड्याला धरून राहतात. पॉलिकार्बोनेटसारख्या अस्फटिकी प्लास्टिकमध्ये तसा आधार नसल्याने ही मर्यादा थोड्याच अंशांनी वर सरकते.

भार प्लास्टिककडून तंतूकडे जातो तो तंतूच्या बाजूंवरून, घर्षणासारख्या कर्तन ताणाने, म्हणजे पृष्ठभागाला समांतर ओढणाऱ्या ताणाने. त्यामुळे तंतू पुरेसा लांब नसेल तर त्याच्यात पूर्ण ताण साठतच नाही; तो तुटण्याऐवजी म्यानातून तलवार निघावी तसा प्लास्टिकमधून उपसून निघतो. ज्या लांबीला तंतूची पूर्ण ताकद वापरात येऊ लागते तिला क्रांतिक लांबी म्हणतात. केली आणि टायसन यांनी १९६५ मध्ये मांडलेले तिचे सूत्र सोपे आहे : तंतूची ताकद गुणिले व्यास, भागिले तंतू आणि प्लास्टिक यांच्यातल्या सांध्याच्या कर्तन ताकदीची दुप्पट. तंतूची ताकद २,००० मेगापास्कल, व्यास १० मायक्रोमीटर आणि सांध्याची ताकद ३० मेगापास्कल धरली, तर उत्तर सुमारे ०.३३ मिलिमीटर येते. सांधा कच्चा असेल तर हीच लांबी मिलिमीटरच्या घरात जाते. म्हणून काच बनवतानाच तंतूंवर सिलेनयुक्त लेप चढवतात. पॉलिप्रॉपिलीन काचेला आपणहून चिकटत नाही. त्यात मॅलिक अॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोडे मिसळावे लागते.

कच्चा माल दोन प्रकारचा मिळतो. आखूड तंतूंच्या दाण्यांत कापलेले तंतू जुळ्या स्क्रूच्या यंत्रात प्लास्टिकमध्ये मळलेले असतात. त्या मळणीतच ते तुटून बहुधा ०.२ ते ०.४ मिलिमीटरचे उरतात. लांब तंतूंच्या दाण्यांत सलग तंतूंचा जुडगा वितळलेल्या प्लास्टिकमधून ओढून, भिजवून मग कापलेला असतो. इथे तंतू दाण्याइतकाच, सहसा १० ते १२ मिलिमीटर लांब असतो आणि दाण्यात एका दिशेने सरळ पडलेला असतो.

हे लांब तंतू टिकवणे ही या पद्धतीतली खरी कसोटी. सर्वांत जास्त मोडतोड बॅरलमध्ये (यंत्राच्या गरम नळीत) फिरणाऱ्या स्क्रूमध्ये, दाणे वितळत असताना होते : तंतूचे एक टोक अजून घट्ट असलेल्या दाण्यात अडकलेले आणि दुसरे वाहत्या रसात, अशा अवस्थेत तो वाकून मोडतो. उरलेले नुकसान उलट-वाल्व (रस मागे येऊ न देणारी झडप), नॉझल आणि अरुंद गेट (साच्याच्या पोकळीचे तोंड) करतात. उपाय माहितीचे आहेत : स्क्रूचा वेग आणि मागचा दाब (स्क्रू मागे सरकताना रसावर ठेवलेला दाब) कमी ठेवणे, बॅरलचे मागचे टप्पे पुरेसे गरम ठेवणे, स्क्रूचे दाबगुणोत्तर कमी घेणे, रनर (गेटपर्यंत रस नेणारी वाट) आणि गेट मोठे व गोलाईदार करणे. मागचा दाब फार कमी केला तर मात्र तंतूंचे जुडगे नीट सुटत नाहीत आणि भागात गुठळ्या राहतात. यंत्रावर उभा असलेला माणूस रोज या दोन टोकांमधला मार्ग शोधत असतो. लांबी खरोखर किती उरली हे पाहायचे तर भागाचा तुकडा भट्टीत जाळतात. प्लास्टिक जळून जाते, काच उरते. ती तोलून प्रमाण कळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजून लांबी. लेखकाच्या मते साध्या चाचण्यांमध्ये इतके काही सांगणारी चाचणी क्वचितच सापडेल.

साच्यात शिरलेला रस भिंतीला घासत जातो. भिंतीजवळच्या थरांत कर्तन जास्त असल्याने तंतू प्रवाहाच्या दिशेने वळतात. मधल्या गाभ्यात कर्तन जवळजवळ नसते. तिथे गेटमधून बाहेर पसरताना रस बाजूंना ताणला जातो आणि तंतू प्रवाहाला काटकोनात वळतात. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा छेद घेतला की बाहेर प्रवाहाच्या दिशेचे आणि मध्ये त्याला आडवे असे थर दिसतात, जणू प्लायवूडच. हे प्लायवूड कुणी मुद्दाम रचलेले नसते. गेटची जागा, भिंतीची जाडी आणि भरण्याचा वेग ते रचतात.

याचा पहिला परिणाम म्हणजे वाकडेपणा. थंड होताना प्लास्टिक आकसते. तंतूंच्या दिशेने ते कमी आकसते, आडव्या दिशेने जास्त. ३० टक्के काचेच्या नायलॉन ६६ मध्ये हे आकसणे प्रवाहाच्या दिशेने अर्ध्या टक्क्याच्या आत, तर आडव्या दिशेने एका टक्क्याच्या जवळपास जाऊ शकते. सपाट झाकण साच्यातून निघते आणि डोळ्यांदेखत पिळते. यंत्राच्या सेटिंगशी झटापट करून हा पीळ फारसा जात नाही. गेट हलवणेच बहुधा अधिक उपयोगी पडते.

दुसरा परिणाम अधिक घातक. छिद्राला वळसा घालून आलेले दोन प्रवाह जिथे भेटतात, तिथे वेल्ड लाइन पडते. त्या रेषेवर तंतू पलीकडे जात नाहीत, रेषेला समांतर पडून राहतात. तिथली ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, म्हणजे साध्या प्लास्टिकच्या पातळीवर उतरते. तंतू वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

तंतूंच्या दिशेचा अंदाज आता गणकयंत्रावर आधीच घेता येतो. चिकट द्रवात फिरणाऱ्या लंबगोल कणाचे गणित जेफरी यांनी १९२२ मध्ये मांडले होते. दाटीवाटीत तंतू एकमेकांना धक्के देतात, हे फोल्गर आणि टकर यांनी १९८४ मध्ये त्यात आणले. अडवाणी आणि टकर यांच्या १९८७ च्या प्रदिश-पद्धतीमुळे (टेन्सर; असंख्य तंतूंच्या दिशा सरासरीने मांडण्याची रीत) ते गणित सुटसुटीत झाले. त्यामुळे साच्याचे पोलाद कापण्यापूर्वीच गेटच्या दोन-तीन जागा पडताळता येतात.

काच पोलादालाही खाते. म्हणून बॅरल द्विधातूचे, स्क्रू आणि गेटच्या आसपासचे पोलाद कठीण केलेले असावे लागते. नायलॉन, पीबीटी (एक पॉलिएस्टर प्लास्टिक) यांसारखे दाणे आधी नीट सुकवावे लागतात. ओलावा राहिला तर गरम बॅरलमध्ये पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि कितीही चांगला तंतू असला तरी भाग ठिसूळ होतो. साचा पुरेसा गरम ठेवला, तर पृष्ठभागावर प्लास्टिकचा पातळ थर येऊन तंतू झाकले जातात. थंड साच्यात ते पांढुरके उघडे दिसतात.

मोटारींच्या रेडिएटरच्या टाक्या, इंजिनात हवा नेणारे मॅनिफोल्ड, ड्रिल यंत्रांची आवरणे, विजेचे कनेक्टर ही या पद्धतीची नेहमीची उत्पादने. रनर आणि बाद भाग दळून पुन्हा वापरता येतात, पण प्रत्येक फेरीत तंतू आणखी आखूड होतात. राखेचे वजन तेवढेच भरते, ताकद मात्र उतरते. म्हणून भार पेलणाऱ्या भागांत दळलेल्या मालाचे प्रमाण मर्यादित ठेवतात.