होम्स काउंटी (ओहायो) : लोकसंख्या आणि समाजजीवन

होम्स काउंटी ही अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ईशान्येकडची, मुख्यतः ग्रामीण काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आहे. क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौ. किमी., लोकसंख्या ४४,२२३ (२०२०), मुख्य ठाणे मिलर्सबर्ग. १८२४ साली शेजारच्या काउंट्यांचा काही काही भाग घेऊन ती तयार झाली. मॅकिनॉ बेटावरील लढाईत १८१४ मध्ये पडलेल्या मेजर अँड्र्यू होम्स यांचे नाव तिला दिलेले आहे. येथील जवळजवळ निम्मे रहिवासी आमिश, म्हणजे साधी राहणी जपणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही काउंटीत हे प्रमाण एवढे नाही.

जनगणनेचे आकडे नुसते वाचले तर ही काउंटी मागास वाटते. बारावीपर्यंत शिकलेल्या प्रौढांचे प्रमाण ओहायोत अगदी तळाला, आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण सर्वांत वरच्या काउंट्यांत, मोटार नसलेली घरे पुष्कळ. शहरी अमेरिकेत हीच लक्षणे दारिद्र्याची मानली जातात. येथे मात्र त्यामागे बहुतांशी धर्मश्रद्धेने जाणूनबुजून केलेली निवड आहे आणि ती ध्यानात न घेता काढलेली सरासरी दिशाभूल करते.

आमिश मुले आठवीनंतर शाळा सोडतात. १९७२ साली ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हा हक्क मान्य केला. विम्याऐवजी मंडळीतील (एकत्र प्रार्थना करणाऱ्या स्थानिक धर्मसमूहातील) कुटुंबे वर्गणी काढून आजाऱ्याचे रुग्णालयाचे बिल भागवतात. कोणी अडचणीत आले तर शेजाऱ्यांनी धावून जाणे हे धार्मिक कर्तव्य समजले जाते, त्यामुळे विमा उतरवणे म्हणजे त्या कर्तव्यावर अविश्वास दाखवणे असे अनेकांना वाटते. स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिशांना १९६५ पासून सरकारी सामाजिक सुरक्षा करातही सूट आहे.

आमिशांची पहिली कुटुंबे १८०९ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातून येथे आली. त्यांचा पंथ १६९३ मध्ये याकोब अम्मान यांच्यामागे स्विस आणि अल्सेसमधील ॲनाबाप्टिस्टांतून (प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणाऱ्या ख्रिस्ती गटातून) वेगळा झाला होता. आजही घरची बोली पेनसिल्व्हेनिया डच नावाची जर्मन आहे. मुले इंग्रजी शिकतात ती प्रामुख्याने शाळेत. प्रार्थनेत आणि बायबलात जुनी प्रमाण जर्मन असते. मिलर, योडर, ट्रोयर, हर्शबर्गर अशी मोजकीच आडनावे जिकडेतिकडे आढळतात.

बाहेरच्यांना हा समाज एकसारखा दिसतो, पण तो तसा नाही. स्वार्टझेनट्रूबर गट सर्वांत कडक असून घोड्याच्या बग्गीमागे सावधानतेसाठी लावायचा नारिंगी त्रिकोणही तो नाकारतो आणि करड्या परावर्तक पट्ट्या वापरतो. न्यू ऑर्डर गट १९६० च्या दशकात वेगळा झाला. त्याचे नियम काहीसे सैल आहेत. प्रत्येक मंडळीत साधारण २५ ते ३५ कुटुंबे असतात आणि ती एक रविवार सोडून एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमतात. चर्चची वेगळी इमारत बहुतेक गटांत नसते. काय वापरावे, काय नको हे त्या मंडळीचे नियम ठरवतात. त्यामुळे एका वळणावर इलेक्ट्रिक सायकल दिसते, तर पुढच्या घरी रात्री फक्त रॉकेलचा दिवा असतो.

उपजीविकेचे चित्र फार बदलले आहे. शेतीवरच जगणारी आमिश कुटुंबे आता थोडी उरली असून लाकडी फर्निचरचे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले आहेत. सार्वजनिक वीज घ्यायची नाही, म्हणून बाजूच्या खोलीत डिझेल इंजिन चालते. त्यावरच्या कॉम्प्रेसरने मोठ्या टाकीत हवा कोंडली जाते, आणि तीच हवा नळ्यांतून जाऊन ड्रिल व सँडर फिरवते. तंत्रज्ञान नाकारणारे लोक अशी त्यांची ख्याती आहे, पण ती खरी नाही; ते तंत्रज्ञान पारखून घेतात. चार्म गावाजवळचा चीजचा कारखाना ‘बेबी स्विस’ चीजसाठी प्रसिद्ध आहे. बर्लिन व वॉलनट क्रीक ही पूर्वेकडची गावे पर्यटकांनी गजबजलेली असतात.

काउंटीच्या पश्चिमेस किलबक, नॅशव्हिल, ग्लेनमाँट येथे आमिश वस्ती विरळ आहे. ग्लेनमाँटजवळ जून १८६३ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, सक्तीच्या लष्करभरतीला विरोध करणारे शेतकरी जमले आणि सैन्य येताच पांगले. ‘फोर्ट फिझल’ नावाने हा प्रसंग ओळखला जातो. राजकीयदृष्ट्या काउंटी पक्की रिपब्लिकन आहे, मात्र आमिश फारसे मतदान करत नसल्याने लोकसंख्येच्या मानाने मते कमी पडतात.

मोठी कुटुंबे आणि पंथातच राहणारी तरुण मुले यांमुळे वाढ सातत्याने होत आली आहे : २००० मध्ये ३८,९४३ आणि २०१० मध्ये ४२,३६६ लोक होते. लोकसंख्येचे मध्यवय तिशीच्या आसपास, म्हणजे देशाच्या मानाने बरेच कमी आहे. जमीन तेवढीच, मुले अधिक. त्यामुळे जागेचे भाव चढले आहेत, आणि शेती करण्याचा हट्ट असलेली अनेक कुटुंबे न्यूयॉर्क व केंटकीसारख्या राज्यांत नव्या वसाहती करायला निघून गेली आहेत.