हरीचे चोवीस, शंभूचे छत्तीस लाख

रात्री अकराच्या सुमारास मुलांच्या अभ्यासाच्या ग्रुपवर कुणीतरी कोडं टाकतं. ऑनलाइन तास संपलेला असतो, डोळे चुरचुरत असतात. मग चुकीच्या उत्तरांचा पाऊस. ‘उत्तर चुकलं तर उद्या एकादशी धरायची’ अशी एकाची धमकी, त्यावर ‘माझा रोजा चालू आहे, मला सूट’ असं दुसऱ्याचं उत्तर. घरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला नाही वाटत. कोडं, आकडा आणि देव आपल्याकडे फार पूर्वीपासून एकाच पाटीवर बसलेले आहेत.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 सालची. तिच्यातलं एक उदाहरण असं: कमळांच्या राशीतला तिसरा भाग शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला. उरलेली सहा कमळं गुरूंच्या पायांवर ठेवली. तर एकूण कमळं किती? राशीचे साठ भाग धरा. वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून सत्तावन्न गेले, तीन उरले. तीन भाग म्हणजे सहा कमळं, म्हणून सगळी 120. अपूर्णांकांची बेरीज शिकवायला पूजेचं तबक पुढे ठेवणारा हा शिक्षक मला फार आवडतो.

पुढे तर तो देवांच्या हातातली आयुधंच अदलाबदल करायला लावतो. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं विष्णूच्या चार हातांत फिरवली तर मूर्ती किती प्रकारच्या? 4 × 3 × 2 × 1, म्हणजे 24. संध्येत केशवापासून म्हणतात ती नावंही चोवीसच, आणि मूर्तिशास्त्रात त्या चोवीस मूर्ती याच आयुधांच्या क्रमावरून ओळखतात. शंभूचे हात दहा, आयुधंही दहा, त्यामुळे त्याची रूपं थेट 36,28,800 होतात. क्रमचय, म्हणजे क्रम बदलून होणाऱ्या मांडण्या मोजणं, शिकवण्याची याहून देखणी युक्ती मी पाहिलेली नाही.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने यादवांच्या काळात चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला 1207 सालचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. घरी दिवेलागणीला परवचा असे. ‘शुभं करोति’, मग श्लोक, मग पाढे, सगळं एका सुरात. त्यानंतर आजीची पाळी. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हटलं की पोरं अंगणात धावत आणि चांदण्यांतला चंद्र दाखवत. अशा कोड्याला कोकणात हुमाण म्हणतात, खानदेशात आन्हा.

धर्मावरून एकमेकांना टोकणंही नवं नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघं एकमेकांच्या देवावर, शास्त्रावर, रीतींवर बोट ठेवतात, चांगले तापतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. आपल्या एका संतानेच हा संवाद गळाभेटीपर्यंत नेला, याची आठवण ठेवायला हवी, कारण ग्रुपवरची थट्टा एखाद्याला लागली की बाकीची मुलं गप्प बसतात आणि तो एकटा पडतो.

आजच्या मोबाइलवर फिरणारं आकड्यांचं एक कोडं मात्र देवळालीच्या एका शाळामास्तरांचं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणू. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि असंच करत राहा. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087. मग 8730 − 0378 = 8352. मग 8532 − 2358 = 6174. आता कितीही वेळा करा, 6174 हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचताच.

ग्रुपवर हे पडलं की कुणीतरी लगेच 1111 घेतं, हाती शून्य येतं, आणि ‘असं का?’ यावर झोपेची वेळ टळून जाते.